दुसरी वेलांटी

चिंचोळीच्या गेटवर नोटीस लागली
तेव्हा मजकुराआधी चूक दिसली.
'मंदिमुळे'. दि पहिली.
व्यंकटेश यमूल हसत म्हणाला,
ऱ्हस्व हाय बे, लवकर संपतंय.

महिन्यात सहा दिवस ब्लॉक क्लोजर.
मग अकरा.
लांब कुठेतरी लोकांनी गाड्या घ्यायच्या थांबवल्या
आणि आमच्या कॅन्टीनच्या आमटीतली डाळ
तळाला गेली.
कॅमशाफ्ट तेल लावून, प्लास्टिकात गुंडाळून
यार्डात रचलेले,
थरावर थर.
पहारेकरी इरण्णा त्यांच्यावर डबा ठेवून जेवायचा.

माझे वडील गिरणीत होते.
भोंगा बंद झाल्यावरही दोन वर्षं
पावणेसातला चपला घालून
उंबऱ्यावर बसायचे.
आई काही बोलायची नाही,
त्यांच्या भोवतीनं झाडायची.
म्हणून मी युनियनची पावती
एकदाही चुकवली नाही.

दुसरी नोटीस आली ती शुद्ध होती.
दी दुसरी.
यमूल हसला नाही.

पाच्छा पेठेतली खोली, पंख्याला एक पातं कमी.
कोंगारीसाहेबांनी करार वाचून दाखवला:
बोनस निम्मा, वाढ पुढल्या वर्षी,
कायम कामगाराला हात लागणार नाही.
इथे टाळ्या.
टाळ्यांत पुढचं वाक्य बुडालं,
पण मी पुढच्याच सतरंजीवर होतो,
मला ऐकू आलं:
ट्रेनींची संख्या व्यवस्थापन ठरवील.

मंजूर असेल त्यांनी हात वर.

त्याच हातानं सकाळी
रेवणसिद्धचं बोट धरून
मशीनच्या अंगावर टेकवलं होतं.
बघू नको, म्हटलं, ऐक.
दगड नीट चालला तर सूं म्हणतो,
जॉब जळायला लागला की स्स.
चौदा महिन्यांत पोरगं
माझ्याआधी ऐकू लागलं होतं.
ट्रेनीला मत नसतं.
तो खाली रस्त्यावर
माझ्या गाडीला टेकून उभा होता,
मला घरी सोडायला.

सोडलंही. वाटेत काही विचारलं नाही.
फक्त सात रस्त्याला सिग्नलवर म्हणाला,
तुमची चेन ढिली झाली, सर.

आता ऑर्डरी आल्यात.
चौदा नंबरवर ठेकेदाराची नवी पोरं,
कानात इअरफोन.
मी सांगत नाही काही.

परवा बायकोनं मिक्सरची पाती
होटगी रोडला धार लावून आणली.
म्हणाली, ते तुमचं पोरगं हो, रेवणसिद्ध,
छोटंसं दुकान टाकलंय, बोर्डसुद्धा नाही.
मी पातं अंगठ्यावर फिरवलं.
कुठेही जळकं नव्हतं.

ओळख दिलीस?
दिली की.
मग?
साठ रुपये म्हणाला.