पाठपोट

कॉलेजच्या गेटासमोर माझं दुकान, सहा बाय आठ.
एक मशीन, एक लॅमिनेशन, एक स्टूल
आणि एक पंखा, जो एप्रिलात बंदच ठेवावा लागतो.
कागद उडतात.

जून आला की अर्धं सोलापूर
माझ्या काचेवर पालथं पडतं.
उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर,
बापाचं आधार, आईचं बिडी कामगार कार्ड,
गॅप का पडला त्याचं स्टॅम्पपेपरवर कारण.
कारण बहुतेक एकच : घरगुती अडचण.
आठ अक्षरांत दोन वर्षं.

बँकेतले एक साहेब परवा विचारत होते,
काय अण्णा, कॉलेजात जातंय तरी कोण हल्ली?
मी म्हणालो, चेहरे मला कमी ठाऊक, साहेब.
कागद ठाऊक.

शिपाई सांगतो, पटावर एकशे वीस,
वर्गात चौदा, त्यात अकरा पोरी.
हत्तरकीचा गुरुनाथ पहाटे पाचला ग्राउंडवर असतो,
सोळाशे मीटर, गोळाफेक, भरतीची चौथी खेप.
बी.एस्सी.चं त्याचं एवढंच, हॉलतिकीट.
नदाफांचा वसीम पाठीवर जेवणाची पेटी घेऊन
गेटापर्यंत येतो, गाडी बंद न करता ओरडतो,
अण्णा, आयएमपी आले का बे?
त्याचं कॉलेज माझ्या पायरीशी सुरू होतं
आणि तिथंच संपतं.

सर येतात. तासिकेवरचे.
त्यांच्या पीएचडीची बांधणी मीच केली,
पाच प्रती, मरून रेक्झिन, सोनेरी अक्षरं.
जानेवारीतले तास मिळतात गणपतीत.
माझ्या वहीत त्यांचं पान वेगळं आहे.
त्यांनी कधी मागितलं नाही, मी कधी दाखवलं नाही.
चौदा जणांसमोर ते काय शिकवतात, माहीत नाही.
पण ते येतात.

आणि यमूलची लावण्या.
घरात तेलुगू, शाळा मराठीत, बी.कॉम. इंग्रजीत.
सकाळी आईच्या बिड्या कारखान्यात मोजून द्यायच्या,
मुकादम जेवढ्या फेकेल तेवढ्या मुकाट्यानं परत आणायच्या,
मग तसंच वर्गात, पहिल्या बाकावर.
तिच्या नोट्स सगळा वर्ग नेतो.
गुरुनाथही, वसीमही,
आणि तो फोनवाला पोरगा, ज्याचं नाव
मला कुठल्याच दाखल्यावर भेटलं नाही.

एकदा तिची वही उघडून लावली,
आणि काचेवर तंबाखूचा कण राहिला.
माझ्या लक्षातच आलं नाही.
दिवसभर जे जे निघालं त्या सगळ्यावर
उजव्या कोपऱ्यात एक काळा ठिपका,
वसीमच्या मार्कशीटवर, सरांच्या अनुभवपत्रावर,
प्राचार्यांच्या परिपत्रकाच्या दोनशे प्रतींवर.
कुणी तक्रार केली नाही.
कुणी बघतच नाही इतकं बारीक.

पाठपोट काढू का? मी प्रत्येकाला विचारतो.
पाठपोट स्वस्त पडतं.
परीक्षेच्या आदल्या रात्री पोरं म्हणतात, काढा की,
पाठ करायचंय नुसतं.
आणि पोट?
पोट मागच्या बाजूला येतं, अण्णा,
म्हणाली होती लावण्या, हसत,
सुट्टे मोजता मोजता.

टोनर बदलला की चाचणीला
मी माझीच मार्कशीट लावतो.
बी.कॉम. दुसरं वर्ष, दोन विषय राहिलेले.
त्या साली लूमवर रात्रपाळी मिळाली होती.
दर वेळी कागद थोडा जास्त काळा निघतो,
अक्षरं एकमेकांत जातात,
कॉलेजचं नाव तर आता वाचताच येत नाही.
ते दोन विषय मात्र अजून स्पष्ट येतात.

काल लावण्यानं तो चाचणीचा कागद उचलला,
मागची कोरी बाजू बघितली
आणि विचारलं, हा टाकणार असाल तर घेऊ का?
गणितं करायला.

घे म्हणालो.