अष्टमीचं गिऱ्हाईक

गिऱ्हाइकाला मी अष्टमीलाच बोलावतो,
शुद्ध असो की वद्य,
सकाळी अकराच्या पुढे.
औंधचे घैसास म्हणाले, वा, तिथी बघून जमीन दाखवता,
घरचे संस्कार दिसतात.
मी मान हलवली.
संस्कार घरचेच होते,
बाप तांडेल होता माझा, आडनावानेही आणि कामानेही.

अष्टमीला भांग असतो.
पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही,
लाट येते तीही पाहुण्यासारखी,
चपला बाहेर काढून.
वाळू रुंद दिसते, सतरा गुंठे पंचवीस वाटतात.
बाई फोन आडवा धरून सुरूच्या झाडांपर्यंत चालत जातात
आणि साहेब हळूच विचारतात,
हे पुढचं सगळं आपलंच ना?
मी सांगतो, पुढे कोणी बांधूच शकत नाही.
यात एक अक्षर खोटं नाही.

सातबाऱ्यावर एकवीस नावं होती.
एक बहारीनला, क्रेनवर.
दोन नालासोपाऱ्यात, एकमेकांचं तोंड बघत नाहीत.
चंद्रभागा भ्रतार सोमा, मयत, वारस नोंद नाही.
सगळ्या सह्या जुळवायला तीन वर्षं गेली,
अकरा कोंबडे,
आणि येसूकाकीच्या कानाचं ऑपरेशन.
पट्टी सुटल्यावर ती पहिलं वाक्य बोलली,
गुंठ्याक किती म्हणालंस?

मग ब्रोशर आलं. जाड कागद, वास येणारा.
त्यात आमचा डोंगर होता, आमचे माड होते,
आमच्या होड्या पुसून टाकल्या होत्या.
खाऱ्या समुद्राच्या अंगाला गोड्या पाण्याचा तलाव,
रोज तीन टँकर.
दर्शनी बाजूला कोरियन गवत लावायचं होतं,
म्हणून बागवाल्यांनी मर्यादवेल उपटली,
पिकअपच्या दोन खेपा.
जांभळी फुलं होती तिला, तशीच गेली.

बाप त्या दिवशी कुंपणाबाहेर उभा.
हात मागे बांधलेले,
वल्हं सुटल्यापासून त्याला हातांचं काय करावं कळत नाही.
म्हणाला, ती येल जंय थांबता ना,
थंयसरच दर्या थांबता.
मी म्हटलं, बाबा, त्यांनी आर्किटेक्ट आणलाय.
तो म्हणाला, आणूंदेत.
आणि जाता जाता एक तुटका वेल उचलून
खिशात घातला, विडी ठेवतो त्या खिशात.

श्रावणाच्या अवसेला रात्री बाराला फोन.
तांडेल, पाणी गेटच्या आत आलंय.
मागे बाईंचा आवाज, कुत्र्याचा आवाज,
आणि त्या सगळ्याच्या मागून तो,
ज्याला ब्रोशरमध्ये मंद गाज म्हटलं होतं.
मी घड्याळ न बघता म्हणालो,
साडेबारा होऊ द्या, मग ओसरेल.
तुम्हाला कसं माहीत?
मी गप्प राहिलो.
काय सांगणार, की तुम्ही जमीन बघायला आलात
त्या दिवशीही मला हे असंच माहीत होतं?

सकाळी गेलो. गवत मिठाने करपलेलं,
तलावात एक मेलेला तारली मासा
आणि कुणाचीतरी बाटलीची टोपणं.
घैसास पायरीवर बसले होते, पायजमा दुमडून,
कमिशनच्या दिवशी इतके म्हातारे नव्हते.
मला वाटलं आता शिव्या देतील.
मी तयारीनेच गेलो होतो, खरं तर मला हव्याच होत्या.

त्यांनी चहा दिला.
म्हणाले, ठाण्याचं एक जोडपं आहे ओळखीतलं,
समुद्रकाठी काहीतरी बघतायत.
मग कप खाली ठेवून, माझ्याकडे न बघता,
तांडेल, अष्टमी कधी आहे?

मी बोटं मोजली नाहीत.
पुढच्या बुधवारी, म्हणालो,
तोवर गवतावर गोडं पाणी मारा.