रकाना अकरा

आचऱ्याच्या सेवा केंद्रात
शेवंती कुबल खुर्चीच्या कडेला टेकली.
मुलगा पंचवीसचा झाला,
तशी तिची निराधार पेन्शन बंद.
पंचविशी लागली की मुलगा आईला पोसतो,
असं नियमाला वाटतं.

झील रत्नागिरीत, ट्रॉलरवर.
तीन शिमगे फिरकला नाही.

मी म्हटलं, "एवढंच लिहू,
मुलगा सांभाळत नाही.
अंगठा द्या, बघू सुरू होतं का."

तिच्या मागे रांगेत
तिच्याच वाडीतल्या दोघी.
एकीनं छत्री मिटायची थांबवली.

"धाडता तो," ती मोठ्यानं म्हणाली,
"दर म्हयन्याक धाडता."

मी 'होय' टाकलं.

फॉर्मचे वीस रुपये तिनं
गाठ सोडून मोजले, सुटे.
संध्याकाळपर्यंत गल्ल्यात
सुक्या बांगड्याचा वास.