जांभळं अक्षर

दाजी पेठेत, मागांच्या खटखटीत,
आठ आणे रोजानं रहस्यकथा मिळायच्या.
कोपरे झिजलेले, शेवटचं पान बहुधा गायब.
त्याचं मला काही नव्हतं.
राग होता तो समासातल्या जांभळ्या अक्षराचा.

पान बारा. गिरणीमालकाच्या प्रेतापाशी
कुणीतरी म्हणतं, अंगठी नाही तर ओळख कसली?
शेजारी जांभळं: 'जुन्या नाटकातून उचललंय. अंक पाच.
कोळ्याला सोडा. आठवत नाही म्हणतो, त्याला धरा.'
आणि तसंच निघायचं.
दुसऱ्या एका पुस्तकात
पोराची मातीची गाडी नुसती कोपऱ्यात पडलेली,
तर समासात: 'दागिने हिच्यात बघा.'

मग तपास मीही केला.
कॉपिंग पेन्सिल जिभेला लावल्याशिवाय अशी उठत नाही.
सबंध एप्रिल
मी लोकांच्या जिभा बघत हिंडलो.

राजेशम येमूल सापडले टॉवेलच्या कारखान्यात,
गठ्ठे मोजताना.
कडक भाकरी, शेंगाचटणी,
जिभेच्या टोकाला शाई.

'तीस वर्षं प्रॉम्प्टर होतो बे.
विंगेत बसायचं,
दुसऱ्याचं वाक्य तोंडात धरून.
उसनं वाक्य मला वासानं कळतंय की.
लेखक ते ज्याच्या तोंडी घालतो
त्याच्याकडं स्वतःचं सांगण्यासारखं काय नसतंय.
तोच खुनी.'

भाकरी मोडली. खाल्ली नाही.

'एकदा, बायकोला विसरलेला राजा करणारा गडी
खरंच विसरला. भर दरबारात.
माझ्याकडं बघितलं त्यानं.
वही उघडी होती. बोट ओळीवर होतं.'

पलीकडचा एक माग बंद पडला, पुन्हा सुरू झाला.

'मी दिलं नाही वाक्य.
लोकांना वाटलं, काय काम करतोय!
टाळ्या थांबेनात.
तो गडी परत कधी तोंडाला रंग लावला नाही.'

का, ते मी विचारलं नाही.
पुस्तकातला इन्स्पेक्टर विचारतो,
खुर्ची ओढून, सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून.
मी उरलेली चटणी कागदात बांधून दिली
आणि निघालो.

ते गेल्याचं पावसाळ्यानंतर कळलं.
वाचनालयाच्या वरच्या फळीवर
त्या जुन्या नाटकाची प्रत आहे, कुणी नेत नाही.
पाचव्या अंकात एका ओळीखाली जांभळी रेघ.
समास कोरा.
फक्त बोट ठेवून ठेवून
कागद तिथं काळा पडलाय.