बाकी पुढे

मी मोडी वाचून देते. पानाला साठ रुपये.
येतात ते बहुतेक भाऊबंदकीचे कागद,
भिंत कुणाची, आड कुणाचा.
साखर पेठेतली ही चोपडी तिघा चुलत भावांनी मिळून आणली,
एकमेकांवर विश्वास नाही म्हणून तिघेही समोर बसले.
रंगाची पेढी. शके अठराशे छत्तीस.
मुनीम गुंडप्पा हत्तरगी. अक्षर किरटं, शाई अजून काळीभोर.

त्यांना हवी होती दुकानामागच्या जागेची नोंद.
मला समासात दुसरंच दिसलं.

‘आषाढ वद्य अमावास्या, दिव्यांची.
त्या दिवशी ऑस्ट्रियाने सर्बियाकडे तगादा लावला असे कळते.
मुदत अठ्ठेचाळीस तास.
आपला नरसय्या विणकर दोन वर्षे थकलेला,
त्यालाही आपण दिवाळीपर्यंत थांबतो.’

त्याखाली, घाईत:
‘सर्बियाला जामीन रशिया. ऑस्ट्रियाला जर्मनी.
रशियाला फ्रान्स.
विलायत म्हणाली, माझी कुठे सही नाही.
मग पेटीतून बेल्जमचा पंचाहत्तर वर्षांचा कागद काढला
आणि म्हणाली, आहे.’

“जागेचं बघा बाई,” थोरले म्हणाले.
मी पान उलटलं.

‘शेजाऱ्याने माडी चढवली की आपण दोन चढवायच्या.
त्यांच्या बोटींचेही तेच.
बांधून झालेली बोट धन्याला विचारते, मला कधी वापरणार?
शाळेत पोरांना नकाशा दाखवतात,
हा तुकडा आपला होता, पुसून घ्या डोळे.
प्रत्येकाला वाटते आपलाच देव जागृत.
विलायतेचा नि जर्मनीचा राजा आतेमामेभाऊ,
विलायतेचा नि रशियाचा मावसभाऊ.
गेल्या साली एका लग्नात तिघे एका पंगतीला होते.’

इथे मी मान वर केली नाही.

श्रावणापासून मजकूर पुन्हा दुकानाचा होतो.
लाल, जर्मन, डबे सात. डब्यावर लक्ष्मी, छपाई तिकडची.
पुढे डबे दोन, भाव तिप्पट.
मग नुसती रेघ.
नरसय्याने आलाच्या मुळीत सूत बुडवून काठ विणला.
‘गिऱ्हाईक म्हणते, हा तांबडा नव्हे, वाळलेला आहे.’
गिरणीचा भोंगा रात्रीचाही वाजू लागला.
‘खाकीला जर्मन रंग लागत नाही. गंज पुरतो.’

आणि मग एक नाव.
शिद्राम म्हेत्रे, पेढीचा हमाल.
खेचरांच्या तांड्याबरोबर बसऱ्याला निघाला,
आईला लुगडं घ्यायला उचल साडेतीन रुपये.
लाल काठाचं मागितलं होतं. होतं ते दिलं.
‘आल्यावर फेडीन म्हणतो.
कोणाचा जामीन म्हणून चाललास विचारले,
तर हसला.’

शके सदतीस. शिद्राम, येणे साडेतीन. बाकी पुढे.
अडतीस. बाकी पुढे.
एकोणचाळीस, मधली पानं वाळवीने खाल्लेली,
तरी वाळवीच्या पलीकडे तो आहेच, साडेतीन, बाकी पुढे.
चाळीस.
एक्केचाळीसला तह झाल्याची ओळ, शेंगांच्या भावाखाली.
बेचाळीसला लाल आला. डबे चार.
‘लक्ष्मी तीच. हातातले कमळ जरा फिकट छापले आहे.’
शिद्राम, येणे साडेतीन.
इथून अक्षर बदलतं.
नव्या मुनिमाला शिद्राम कोण हे माहीत नसावं,
त्यानेही रक्कम पुढे ओढली,
तीन वर्षं, न विचारता.

जागेची नोंद शेवटपर्यंत निघाली नाही.
थोरले उठले. मधल्याने घड्याळ पाहिलं.
धाकट्याने मोबाईलवर काहीतरी आकडेमोड केली,
शंभर वर्षांचं व्याज बहुधा,
आणि विचारलं,
“हे साडेतीन आपले येणे की देणे?”

“येणे,” थोरले म्हणाले. “लिहिलंय की.”

मी पानं मोजली आणि पैसे घेतले.