करडी अक्षरं

हिल्का जानेवारीत निवृत्त झाली.
तिची खुर्ची मला मिळाली, खिडकी मिळाली,
आणि चारशे बारा तक्त्यांवर तिचं नाव.

केमीच्या पाणी खात्यात सगळ्याची नोंद असते:
पंप, झडपा, मीटर,
कुणाच्या तळघरात कुठल्या साली नळ फुटला.
आणि त्या नोंदींच्याही नोंदी.
हा रकाना कशाचा, एकक कोणतं,
किती वर्षं ठेवायचा, कुणी पाहू नये,
काही चुकलं तर फोन कुणाला करायचा.

हे दर तक्त्यावर नव्यानं लिहायचं नसतं.
हिल्कानं एकदाच लिहिलं, सगळ्यांच्या वर, मूळ साच्यात.
खालच्यांनी ते घेतलं,
त्यांच्या खालच्यांनी त्यांच्याकडून.
खाण तशी माती.
वरून आलेलं पडद्यावर करडं दिसतं,
जागेवर लिहिलेलं काळं.
"करड्याला हात लावू नकोस," तार्मोनं पहिल्याच दिवशी बजावलं,
दालचिनीचा पाव कॉफीत बुडवत.
"बदलायचं तर वर जाऊन बदल."

म्हणून वर गेले.
'जबाबदार व्यक्ती' या गुणधर्मातून
हिल्का रुओकामो खोडलं, माझं नाव लिहिलं,
स्पेलिंग दोनदा तपासलं
आणि कळ दाबली.
गावाखालच्या सगळ्या नळांतून
माझं नाव गुपचूप वाहत गेलं.
सत्तावीस वर्षं होती ती.
एखादी झडप तरी कुरकुरायला हवी होती.

मोजलं. चारशे अकरा.

राहिलेला तक्ता उघडला.
'नदीवरचं बर्फ: फुटण्याचा दिवस.'
वर्षाला एक ओळ. दिनांक, वेळ, पातळी, शेरा.
तिथे तिचं नाव काळं.
वरून आयतं तेच आलं असतं, अक्षर न अक्षर तेच,
तरी तिनं ते हातानं टाइप केलं होतं.

तार्मो म्हणाला, चुकून झालं असेल.
उजवी क्लिक, 'वारसा पूर्ववत', संपलं.
मीही तेच करणार होते,
पण नजर शेऱ्यांवर गेली.

"पहाटे ३.४०. आधी बंदूक, मग कुणी कपाट ओढतंय असा आवाज."
"पुलावर मी आणि एक कुत्रा. कुत्रा आधी पळाला."
"यंदा फुटलं नाही, नुसतंच विरघळलं. नोंद करावी का? केली."

शेरा दोनशे अक्षरांचा, हा नियम वरचा.
इथे तिनं चारशे करून घेतली होती,
तीही काळ्यात.

फोन लावला. मागे रेडिओ चालू होता.
"बाकीचं खुर्चीबरोबर आलं होतं," ती म्हणाली,
"माझ्याआधी पेंटीचं होतं, त्याच्याआधी कुणाचं कोण जाणे.
ते करडंच बरं.
पण पुलावर मला कुणी पाठवलं नव्हतं."
रेडिओ बारीक झाला.
"पुसायचं तर पूस. मग मे महिन्यात झोपायचं मात्र नाही."

पुसलं नाही. माझंही लिहिलं नाही.
एप्रिल सरताना थर्मास घेऊन निघाले.
तीन रात्री काहीच नाही.
चौथ्या रात्री पाय इतके गारठले
की घरी जावं म्हणून वळले,
आणि पाठीमागे झालं ते.
पाहिलं नाही, फक्त ऐकलं.
वळेपर्यंत काळं पाणी दिसू लागलं होतं
आणि एक मोठी लादी पुलाच्या खांबाला घासत
हळूहळू फिरत होती.

सकाळी ओळ भरली. दिनांक, वेळ.
शेरा: "कपाट नाही. जिन्यावरून पियानो उतरवतात तसं. पाठमोरी होते."

'जबाबदार व्यक्ती'त मात्र अजून तिचंच नाव आहे.
तिथे एकच नाव मावतं, तोही नियम वरचाच.
कधीतरी कर्सर नेऊन ठेवते तिच्या आडनावानंतर.
लुकलुकत राहतो,
काळा.