फुंकर

गुरुवारी रात्री आमच्या चर्चच्या घंटा मुक्या होतात.
शनिवारपर्यंत फक्त लाकडी खटखटा.
यंदा तो माझ्या हातात दिला.
"काजेतान, तुझ्याशिवाय कोण?" म्हणाला बेनदित, आमचा क्वायरमास्तर,
आणि मग जीभ चावली त्यानं.

चाळीस वर्षं मी मागच्या रांगेतला जाड आवाज.
माझा खर्ज लागला की बाकाखालचा उंदीरसुद्धा
गुडघे टेकायचा, असं उर्सुला म्हणते.
आता गळ्याला भोक आहे, रुपयाएवढं,
त्यावर तिनं विणलेला क्रोशाचा रुमाल,
आतून येतो तो नुसता वारा.
परळच्या डॉक्टरांनी आवाज ठेवून घेतला,
उरलेला मी परत दिला.
सौदा वाईट नाही.
फक्त शेवटचं काय बोललो ते आठवत नाही.
बहुतेक सही करताना, "हे पेन चालत नाही," असंच काहीतरी.

शनिवारची रात्र. दिवे बंद.
अंगणात शेगडीत नवा विस्तव,
वरून एक विमान पोट दाखवत उतरलं,
फादरांचा पहिला शब्द त्याच्या घरघरीत गेला.
मग मोठ्या मेणबत्तीवरून एक ज्योत,
तिच्यावरून दुसरी,
बाकामागून बाक चेहरे उजळत आले:
रेमेदमावशीची हनुवटी, तिचं लाल लुगडं,
मस्कतहून रजेवर आलेला आगुस्तीन,
आणि कोणाची तरी लहान पोर,
हातावर मेण सांडलं तरी ओरडत नव्हती,
बघत होती.

वाचनाआधी सगळ्यांनी फुंकल्या.
माझी उर्सुलानं.

मातीत देवानं श्वास फुंकला, नाकपुडीत.
मी रुमालाखाली बोट नेलं.
प्रभो, माझ्यात तू जरा खालून फुंकलास.

ग्लोरियाला घंटा सुटल्या,
तीन दिवसांचं तुंबलेलं सगळं एकदम.
मी तोंड उघडलं.
शब्द जागेवर, ताल जागेवर,
श्वास मात्र गळ्यातूनच निघून गेला
आणि रुमाल हलला.
एवढंच. रुमाल हलला.
बेनदितनं ते पाहिलं. माझ्याकडे वळून
हात जरा वर उचलला, खर्जाला उचलायचा तसा:
अजून.
मी अजून वारा सोडला.

वचनांच्या वेळी पुन्हा ज्योती.
"सैतानाचा त्याग करता काय?"
सगळे म्हणाले, करतो.
मी मेणबत्ती उंच केली.
पाणी शिंपडत फादर आले, एक थेंब वातीवर पडला,
चर्रर्र झालं, पण विझली नाही.
मग पुन्हा सगळीकडे फू, फू, आणि मेणाचा तो धुरकट वास.
उर्सुला ओठांचा चंबू करून माझ्याकडे वळली.
मी हात मागे घेतला.
ती कुजबुजली, "खुळे झालात काय? घरापर्यंत?"

घरापर्यंत.
तळव्याचा आडोसा करून, मरोळ गावठाणातून,
बंद बेकरी, उघडं मेडिकल,
क्रुसावर कालचा झेंडूचा हार.
वळणावर जेवणाच्या पिशव्या वाहणारा एक पोरगा
गाडी थांबवून म्हणाला, "काका, लाइट गेली का?"
मी हसलो.
माझं हसणंही आता वाराच,
तरी त्याला कळलं बहुतेक,
कारण समोरून रिक्षा भरधाव आली तेव्हा
त्यानं आपली भली मोठी पिशवी आडवी धरली,
ती निघून जाईपर्यंत.

घरी उर्सुलानं त्याच ज्योतीवर गॅस पेटवला.
म्हणाली, "लायटर तसाही बिघडलाय."
ताटलीत काल तळलेल्या चार फुग्या.
मेणबत्ती खिडकीत ठेवली. तिथं ती आपल्या मर्जीनं
किती वाजेपर्यंत जळली, कोण जाणे.

चहा कढत होता.
तिनं माझा कप जवळ ओढला
आणि न बोलता, न बघता,
त्यावर फुंकर घातली.